वाचकांचे प्रश्न : पुसट फोटो खरेच ‘क्लिअर’ होतो का?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून हे सदर या वेळी त्या एका विषयालाच दिले आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या मालिकांत अधिकारी संगणकासमोर बसलेल्या तरुणाला ‘जरा झूम करा, आता क्लिअर करा’ असे सांगतात आणि क्षणात धुरकट ठिपक्यांच्या जागी संशयिताचा चेहरा किंवा गाडीचा नंबर लख्ख दिसू लागतो. असे सॉफ्टवेअर खरोखर असते का? असल्यास ते सर्वसामान्यांना का मिळत नाही?

उत्तर : असे सॉफ्टवेअर नाही. पोलिसांकडे नाही, गुप्तचर खात्यांकडे नाही आणि कुणी ते दडवून ठेवले आहे असेही नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते त्या चित्रातून उपसून काढणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. मात्र जे टिपले गेले आहे पण डोळ्यांना दिसत नाही, असेही चित्रात पुष्कळ दडलेले असू शकते आणि ते बाहेर काढण्याच्या गणिताने सिद्ध झालेल्या, प्रामाणिक पद्धती आहेत. मालिकांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि प्रेक्षकाच्या मनात नको ती अपेक्षा घर करून बसते.

डिजिटल छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीला पिक्सेल म्हणतात आणि साध्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. दूरच्या माणसाचा चेहरा जेव्हा मोजक्या पिक्सेलांत मावतो, तेव्हा भुवईचा काळेपणा, पापणीची कडा आणि कपाळावरचा उजेड या सर्वांचा प्रकाश एकाच चौकटीत पडतो आणि कॅमेरा त्या सगळ्याची सरासरी तेवढी लिहून ठेवतो. समजा, चार लहान चौकटींच्या जागी एकच मोठी चौकट उरली आणि तिच्यात १०० हा आकडा आहे. मूळचे चार आकडे कोणते असतील? चारही १०० असू शकतील. दोन २०० आणि दोन ० असू शकतील, म्हणजे तेथे काळ्या-पांढऱ्याची ठळक कडा असेल. किंवा १५०, ५०, १२० आणि ८० असतील. मी हा हिशेब मुद्दाम मांडून पाहिला, तर ज्यांची सरासरी नेमकी १०० येते असे चार आकड्यांचे ८७ लाखांहून अधिक संच निघाले. ही एका चौकटीची गोष्ट झाली. १२ चौकटी रुंद आणि १५ चौकटी उंच अशा चेहऱ्यात तशा १८० चौकटी असतात. यांतला खरा संच कोणता, हे उरलेल्या सरासरीकडे कितीही वेळ पाहत बसले तरी कळत नाही, कारण त्या प्रत्येक संचाने ती सरासरी सारखीच दिली असती.

चित्र पडद्यावर मोठे केले की काय होते, हेही यावरून लक्षात येईल. एका पिक्सेलच्या जागी सोळा पिक्सेल आले, तर नव्या पंधरा जागा भरण्यासाठी संगणक शेजारच्या आकड्यांमधले मधले आकडे घेतो. चौकटींच्या पायऱ्या त्यामुळे गुळगुळीत होतात, परंतु माहितीत तिळमात्र भर पडत नाही. छपाईच्या धंद्यातले लोक लहान फोटो मोठ्या फलकासाठी दिला की ‘फोटो फाटतो’ म्हणतात, ते हेच.

मग प्रत्येक ॲपमध्ये ‘शार्पन’ नावाचे बटण असते, ते काय करते, असे आपण विचाराल. या बटणामागची मूळ युक्ती डार्करूमच्या काळातली आहे. नेगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तयार करून ती मूळ नेगेटिव्हवर नेमकी चढवीत आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढीत; त्यामुळे सपाट भागातील भेद दबत आणि कडा उठून दिसत. संगणकही तसेच करतो. जेथे गडद आणि फिकट भाग भेटतात, तेथे गडद बाजू किंचित अधिक गडद आणि फिकट बाजू अधिक फिकट करतो. डोळ्याला चित्र तरतरीत झाल्यासारखे वाटते. बटण जास्त ताणले की कडेभोवती पांढरी झालर उमटते, ती या युक्तीची खूण. न वाचता येणारे अक्षर मात्र तिने वाचता येऊ लागत नाही. फार तर जेमतेम वाचता येणारे अक्षर थोडे सोपे होते.

‘पुसट’ या एका शब्दाखाली आपण अनेक वेगवेगळे दोष घालतो, हीही एक अडचण आहे. ताप हे जसे एका रोगाचे नाव नव्हे, तसेच हे. फोकस चुकलेला असतो, हात हललेला असतो, उजेड अपुरा पडून चित्रात दाणे आलेले असतात, पाठवताना फाइल लहान करण्यासाठी दाबली गेल्याने चौकोनी डाग पडलेले असतात किंवा वस्तूच इतकी दूर असते की तिच्या वाट्याला पिक्सेल आलेले नसतात. अंधारात बुडालेला कोपरा, धुक्याने फिका पडलेला देखावा, रंगांचा बिघडलेला तोल यांवर उपाय चांगले चालतात, कारण तेथे आकड्यांतला फरक लहान असला तरी नोंदला गेलेला असतो आणि तो ताणून मोठा करता येतो. काळ्या दिसणाऱ्या सावलीत ६ आणि ९ असे आकडे असतील, तर डोळ्याला ते सारखेच दिसतील, पण ते सारखे नाहीत. अशी सावली उजळल्यावर तिच्यात उभा असलेला माणूस खरोखरच दिसू लागतो, आणि मालिकांतल्या त्या दृश्याच्या सर्वांत जवळ जाणारा खराखुरा अनुभव हाच.

प्रश्न : मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष होता आणि सुरुवातीची काही वर्षे तिची पुसट चित्रे संगणकावर सुधारली जात होती, असे आम्हाला वर्गात सांगितले. ते जमले, तर फोकस गेलेला साधा फोटो का सुधारू नये?

उत्तर : आपला प्रश्न मला फार आवडला, कारण पहिल्या उत्तरातले जे निराशेचे चित्र आहे त्याला खरा छेद देणारे उदाहरण आपण शोधून काढले आहे.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा अतिशय गुळगुळीत होता, पण चुकीच्या आकारात घासला गेला होता. कडेपाशी तो सुमारे २.२ मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाने, अधिक सपाट होता. तेवढ्याने ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा होण्याऐवजी भोवती पसरू लागला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची उपकरणे बसवली, तोपर्यंतच्या काळात शास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. त्यांच्या हाती एक अमूल्य गोष्ट होती : एकट्या ताऱ्याचे चित्र. तारा इतका दूर असतो की तो बिंदूच दिसायला हवा. दुर्बिणीत तो ज्या आकारात पसरलेला दिसतो, तो आकार म्हणजेच दुर्बिणीच्या दोषाचा नेमका साचा. सगळे चित्र म्हणजे अशा असंख्य पसरलेल्या बिंदूंची बेरीज, तेव्हा साचा ठाऊक असेल तर उलट हिशेब करून मूळ बिंदूंकडे जाता येते. या कामासाठी बहुतेकदा वापरली गेलेली पद्धत १९७२ साली रिचर्डसन आणि १९७४ साली लूसी या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली होती.

साध्या छायाचित्रातही असा साचा कधी कधी सापडतो. रात्री हात हलून बिघडलेला एखादा फोटो काढून पाहा. मागे दूरवर एखादा दिवा असेल, तर तो ठिपका न राहता गळासारखी वळलेली छोटी रेघ झालेला असेल. ती रेघ म्हणजे शटर उघडे असताना आपला हात ज्या वाटेने हलला त्या वाटेचा नकाशा. चित्रातली प्रत्येक वस्तू, पाटीवरचे प्रत्येक अक्षर, त्याच रेघेच्या आकारात फराटले गेलेले असते. हा साचा संगणकाला दिला तर पुष्कळ सुधारणा होते, आणि अशी कामे मी समाधानाने केली आहेत.

तरीही मर्यादा राहतात. उलट हिशेब करताना चित्रातले दाणेही वाढतात, कारण मूळ तपशील कोणता आणि सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागाची, खरखर कोणती, हे गणिताला सांगता येत नाही. हबलच्या बाबतीतही ठळक वस्तू सुधारल्या, पण अतिशय मंद वस्तूंचा प्रकाश खरखरीत विरून गेला तो गेलाच. दुसरे असे की काही तपशील पूर्णच पुसले जातात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चित्रात पट्ट्यांची एक जोडी जेवढी रुंद आहे, बरोबर तेवढाच कॅमेरा सरळ रेषेत हलला, तर प्रत्येक जागी काळे-पांढरे समसमान मिसळून सारखा करडा रंग उरतो. त्या करड्या रंगात पट्टे होते याची खूणसुद्धा राहत नाही, मग ते परत कुठून आणणार?

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण पोलिसांच्या कामातले आहे. लहान मुलांवरील अत्याचारांची चित्रे प्रसृत करणाऱ्या एका गुन्हेगाराने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून ओळखू येणार नाही असा केला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवला, ऑक्टोबर २००७ मध्ये इंटरपोलने तो चेहरा जगापुढे ठेवला आणि त्याच महिन्यात संबंधित माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. पाहणाऱ्याला हा मालिकेतला चमत्कार वाटेल. प्रत्यक्षात त्या माणसाने पिक्सेल पुसले नव्हते, त्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि नियमाने बदललेल्या जागा नियमानेच परत बदलता येतात. त्याने चेहऱ्यावर काळा ठिपका ओढला असता, तर जर्मनीतील निष्णात माणसेही हतबल झाली असती.

प्रश्न : आमच्या इमारतीबाहेर उभ्या केलेल्या गाडीला रात्री कुणीतरी धडक देऊन निघून गेले. सीसीटीव्हीत गाडी दिसते, नंबर वाचता येत नाही. ध्वनिचित्रफीत मोबाइलवर घेऊन अनेकांना दाखवली, पण उपयोग झाला नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आपले नुकसान झाले आहे आणि धीर देणारे उत्तर आपल्याला हवे असणार, हे मी समजू शकतो. मार्ग आहे, पण तो सॉफ्टवेअरपासून सुरू होत नाही, मूळ फाइलपासून सुरू होतो. आपण लिहिल्यावरून असे दिसते की पडद्यावर चालू असलेले चित्रण मोबाइलने टिपले आहे. असे करू नये. पडद्याच्या जाळीची आणि मोबाइलच्या जाळीची गाठ पडून नवे पट्टे उमटतात, आणि पुढे ते मेसेजमधून पाठवले की फाइल आणखी दाबली जाते. रेकॉर्डिंग यंत्रातून मूळ फाइल, त्या यंत्राच्या मूळ स्वरूपात, आजच काढून ठेवावी; अशा यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवे चित्रण चढते.

आता थोडा हिशेब. आपला कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र घेतो आणि त्या चित्रात रस्त्याचा २० मीटर भाग मावतो असे धरू. म्हणजे एका मीटरच्या वाट्याला ९६ पिक्सेल आले. पाटीवरील अक्षर ७ सेंटिमीटर उंच असेल तर त्याला जेमतेम ७ पिक्सेल मिळाले. ठिपक्यांच्या जुन्या छपाई यंत्रांत ५ बाय ७ ठिपक्यांत रोमन अक्षर बसवीत, पण तेथे प्रत्येक ठिपका पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा असे. रात्रीच्या चित्रणात तसे कधीच नसते. चेहऱ्याचेही तेच. १६ सेंटिमीटर रुंद चेहऱ्याला या कॅमेऱ्यात १५ पिक्सेल मिळतील. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी मीटरला २५० पिक्सेल असावेत असे म्हटले आहे, तर कुणीतरी आहे एवढे कळायला २५ पुरतात. बहुतेक इमारतींवरचे कॅमेरे दुसऱ्या कामासाठी बसवलेले असतात आणि वेळ आली की त्यांच्याकडून पहिल्या कामाची अपेक्षा केली जाते.

त्यात गाडी धावती होती. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. अंधारात कॅमेरा सेकंदाचा २५ वा भाग एवढा वेळ प्रकाश घेत असेल, तर तेवढ्यात गाडी सुमारे ४४ सेंटिमीटर सरकली, म्हणजे जवळपास पाटीच्या रुंदीएवढी. अक्षरे एकमेकांत पूर्ण मिसळली.

म्हणून गाडी धावताना दिसते ती दृश्ये सोडून द्यावीत आणि ती थांबली किंवा वळताना मंदावली असा एखादा सेकंद चित्रणात आहे का, ते आधी पाहावे. असल्यास आशेला जागा आहे. चित्रणात सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये गाडी पिक्सेलच्या जाळीवर किंचित वेगळ्या जागी पडलेली असते. पिक्सेलच्या अर्ध्या-पाव भागाएवढी का होईना. अशा १६ फ्रेम अचूक जुळवून त्यांची सरासरी काढली की खरखर सुमारे एक चतुर्थांश होते आणि जाळीच्या फटींत हुकलेला तपशीलही काही प्रमाणात हाती लागतो. ही युक्ती खगोलशास्त्रात रोज वापरतात आणि ती सर्वस्वी खरी आहे, कारण येथे माहिती एका फ्रेमऐवजी सोळा फ्रेमांतून येते. फाइल फार दाबलेली असेल तर हाही लाभ घटतो; जागा वाचवण्यासाठी यंत्र बहुतेक फ्रेम पूर्ण साठवत नाही, मागच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच लिहून ठेवते आणि बारीकसारीक बदल टाकून देते.

पूर्ण नंबर मिळाला नाही तरी शेवटचा आकडा ३ किंवा ८ असावा, ४ खासच नाही, एवढे सांगता येणे पुष्कळदा शक्य असते. गाडीचा रंग, बनावट आणि वेळ यांच्या जोडीला तेवढेही तपासाला उपयोगी पडते. तेव्हा मूळ फाइल पोलिसांकडे द्यावी आणि तिच्यावर स्वतः कोणतेही ॲप चालवू नये. असे का म्हणतो, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : माझ्या आजोबांचा एकच फोटो घरात आहे, तोही सामूहिक आणि धूसर. नातवाने तो एका एआय ॲपमध्ये टाकला, तर चेहरा इतका स्वच्छ आला की आम्ही सगळे भारावून गेलो. मग पुसट फोटो सुधारता येत नाही, हे आता जुने झाले ना?

उत्तर : आपला आनंद मी समजू शकतो आणि त्यावर विरजण घालावे असे वाटत नाही, पण आपण विचारले आहे म्हणून खरे ते सांगतो. त्या ॲपने आपल्या आजोबांचा चेहरा शोधून काढलेला नाही. त्याने लाखो माणसांचे स्वच्छ चेहरे आधी पाहिलेले आहेत, आणि धूसर केल्यावर आपल्या फोटोसारखा दिसेल असा एक चेहरा त्याने रचला आहे. पहिल्या उत्तरातले लक्षावधी संच आठवावेत. ॲपने त्यांतला एक, त्याला सर्वाधिक संभाव्य वाटलेला, उचलला.

याचा लख्ख पुरावा २०२० साली समोर आला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी १६ बाय १६ पिक्सेलच्या चेहऱ्यापासून १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा चेहरा बनवणारी प्रणाली तयार केली. २५६ आकड्यांतून दहा लाखांहून अधिक आकडे निघत होते, तेव्हा उरलेले कुठून येत होते हे उघड आहे. कुणीतरी तिला बराक ओबामा यांचा चौकटी-चौकटींचा फोटो दिला आणि प्रणालीने अतिशय सुस्पष्ट असा एका गोऱ्या माणसाचा चेहरा परत केला. ही प्रणाली ओळख पटवण्यासाठी नाही, असे संशोधकांनी स्वतःच सांगितले होते.

चेहऱ्याची चूक निदान ओळखीच्या माणसाला खटकते. आकड्यांची चूक खटकतही नाही, आणि मला ती अधिक भयावह वाटते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने घराचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती; स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ असे छापून आले, आणि तेही अगदी ठसठशीत. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांच्या जागी एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरत होते आणि त्याला ते आकडे ‘सारखेच’ वाटले होते. त्यात आजच्या अर्थाने एआय नव्हते, पण दोष त्याच जातीचा. पुसट आकडा असता तर माणूस थबकला असता, मूळ कागद मागवला असता. स्वच्छ आणि चुकीच्या आकड्यापुढे कुणीच थबकत नाही.

न्यायालयांनाही हे उमगू लागले आहे. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीच्या न्यायालयात, खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेले मोबाइल चित्रण पुरावा म्हणून मांडण्याचा प्रयत्न झाला आणि न्यायाधीशांनी ते स्वीकारण्यास नकार दिला. मागच्या पत्रलेखकांना ॲप चालवू नका असे म्हटले ते यासाठी. ॲप नंबराच्या जागी कोणता तरी स्वच्छ नंबर बसवील आणि तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा असू शकेल.

आता घरची गोष्ट. माझ्या मोठ्या मामांच्या उजव्या भुवईत लहानपणी पडलेली खोक होती आणि तेथे पुढे कधी केस उगवले नाहीत. त्यांच्या तरुणपणीच्या एका छोट्या फोटोत ती जागा फिकट ठिपक्याएवढी दिसते. मी तो फोटो अशाच ॲपमध्ये टाकून पाहिला. भुवई सलग झाली, वरचा ओठ थोडा भरला, डोळ्यांत कधी नव्हती अशी चमक आली. मामींना दाखवला, तर त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “फोटो सुरेख आहे रे, पण हे ते नव्हेत.” त्या ॲपला तो ठिपका कचरा वाटला होता. मामींसाठी त्या ठिपक्यात मामा होते.

म्हणून माझे आपल्याला कळकळीचे सांगणे एवढेच की ॲपने केलेले चित्र हवे तर ठेवावे, पण फाइलच्या नावातच ‘एआयने बनवलेले’ असे लिहावे, आणि मूळ फोटो त्याहून अधिक जपावा. आज घरात मामींसारखे सांगणारे कुणी आहे. आणखी ३० वर्षांनी जे नातेवाईक तो पाहतील, त्यांना आजोबा असेच दिसत होते असे वाटेल. मूळ फोटोचा मोबाइलने फोटो काढला असेल तर त्याऐवजी तो सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) किंवा त्याहून अधिक ठेवून स्कॅन करावा. घरातल्या जुन्या पाकिटांत नेगेटिव्ह आहे का ते जरूर शोधावे. प्रिंट करताना नेगेटिव्हमधला बराच तपशील मागे राहतो. ३५ मिलिमीटरची एक नेगेटिव्ह ४००० डीपीआयने स्कॅन केली की सुमारे २ कोटी पिक्सेल मिळतात, आणि हातावर मावणाऱ्या प्रिंटमध्ये जो चेहरा नुसता डाग होता, त्याला त्यात डोळे-नाक दिसल्याचे मी पाहिले आहे. धूळ, ओरखडे, पिवळेपणा हे सगळे काढायला हरकत नाही.

प्रश्न : माणसाच्या डोळ्यातील प्रतिबिंबावरून समोरचा माणूस ओळखतात, असे एका मालिकेत पाहिले. ही तरी थाप आहे ना?

उत्तर : पूर्ण थाप नाही. २०१३ साली ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने असा प्रयोग झाला आणि बुबुळातील प्रतिबिंबांवरून माणसे ओळखता आली. मात्र कॅमेरा ३९ मेगापिक्सेलचा होता, प्रकाशयोजना भरपूर होती आणि ज्यांचे प्रतिबिंब पडले ती माणसे अगदी जवळ उभी होती. शिवाय ओळखणाऱ्यांना ते चेहरे परिचित असले तर यश अधिक मिळाले. परिचित चेहऱ्याला फारच थोडे पिक्सेल पुरतात. बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकन यांचा चेहरा काहीशे मोठ्या चौकोनांत दाखवला होता. डोळे किलकिले करून पाहिले की लिंकन लगेच ओळखू येतात, कारण चौकोनांच्या टोकदार कडा त्यामुळे दबतात. येथे चित्र आणखी पुसट केल्याने ओळख पटते. पण ज्याने लिंकन कधी पाहिलेच नाहीत, त्याला तेथे कुणीतरी दाढीवाला माणूस दिसेल.

प्रश्न : कागदपत्राचा फोटो कुणाला पाठवताना मी खाते क्रमांक ब्लर करते. पुसटाचे स्पष्ट होत नाही असे आपण म्हणता, म्हणजे हे सुरक्षितच झाले ना?

उत्तर : नाही, आणि कृपया असे करणे आजपासून थांबवावे. अनोळखी चेहरा आणि खाते क्रमांक यांत मोठा फरक आहे. चेहऱ्याच्या एका चौकटीमागे लाखो शक्यता होत्या. येथे प्रत्येक जागी ० ते ९ अशा दहाच आहेत, आणि अक्षराचा छाप, आकार, अंतर हे सारे शेजारच्या न झाकलेल्या मजकुरावरून कळते. पाहणाऱ्याने पुसट झालेल्यातून आकडा बाहेर काढण्याची गरजच नसते. तो त्याच छापात ० लिहून स्वतः तसाच पुसट करतो, आपल्या चित्राशी ताडून पाहतो, मग १, मग २; जो जुळेल तो आकडा खरा. चौकटी-चौकटींचे मोझेकही याच रीतीने उलगडते, आणि २०२२ साली अमेरिकेतील एका संगणक-सुरक्षा संस्थेने हे काम आपोआप करणारे साधन सर्वांसाठी खुले करून ते दाखवून दिले आहे.

आकडे झाकण्यासाठी भरीव काळा आयत वापरावा. मोबाइलमधला मार्कर किंवा हायलाइटर वापरू नये. तो डोळ्याला काळा दिसला तरी थोडा पारदर्शक असतो, आणि पहिल्या उत्तरातल्या काळ्या सावलीप्रमाणे त्याखालचे आकडे उजळून वाचता येतात. पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर जशाच्या तसा राहतो आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतो, म्हणून आकडे झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा. याआधी ब्लर करून पाठवलेली चित्रे ज्यांच्याकडे आहेत, त्यांना ती काढून टाकायला सांगावे.